इंजिन उघडण्याआधी आठ दिवस ऐका

वाचकाचं पत्र:

मी सत्तरी तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. गेल्या महिन्यात पर्वरीच्या एका गृहस्थांकडून रॉयल एनफिल्डची २०१९ ची हिमालयन ४११ घेतली. मीटरवर ३४ हजार किलोमीटर. गियरची गाडी मी बाबांच्या शंभर सीसीवर शिकले, पुढे रोजची सवय स्कूटरची. ही गाडी घरी आणल्यापासून जिवाला घोर लागलाय. सकाळी सुरू करताना खर्रकन आवाज होतो, मग टिकटिक चालू राहते. पहिला गियर टाकला की ठॅक. चोर्ल्याच्या चढावर डब्यात खिळे हलवल्यासारखं काहीतरी, आणि साडेतीन हजार आरपीएमला कुठून तरी झणझण. सहकाऱ्याची नवी हिमालयन ४५० शेजारी उभी केली तर माझी पिठाची गिरणी वाटते. म्हापशातल्या एका मेकॅनिकने दोन मिनिटं ऐकून ‘हाफ इंजिन करावं लागेल, अठ्ठावीस हजार’, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग उघडून दुरुस्ती, म्हणून सांगितलं. बाबांनी म्हापशात बत्तीस वर्षं पायलट म्हणून, म्हणजे प्रवासी नेणारी मोटरसायकल टॅक्सी, चालवली. त्यांनी ऐकलं, ‘हो आवाज बरो दिसना’ एवढंच म्हणाले आणि आत गेले. कार्तिकीला त्यांना मागे बसवून पंढरपूरला न्यायचं ठरवलं होतं. मी फसले का? क्लिप पाठवते आहे.
– एक वाचक, वाळपई

उत्तर:

तुमचं पत्र दोनदा वाचलं, क्लिप चार वेळा ऐकली. तातडीचं आधी सांगतो. ते अठ्ठावीस हजार आत्ता कुणाला देऊ नका आणि इंजिनाच्या एकाही बोल्टला पाना लावू देऊ नका. उघडावंच लागेल असं क्लिपमध्ये मला काही ऐकू आलं नाही. मात्र नुसत्या क्लिपवरून मी निकालही देणार नाही. मोबाइलचा माइक बारीक आवाज आपोआप चढवतो आणि मोठा दाबतो, त्यामुळे धडधाकट गाडीसुद्धा त्यात ट्रॅक्टरसारखी वाजते. हे काम समोर उभं राहून, कानांनीच करायचं आहे. त्यासाठी तुमच्या घरात बत्तीस वर्षं तयार झालेला एक कान आहे, त्याच्याकडे पुढे येतोच.

तुम्ही नकळत एक फार चांगली गोष्ट केली आहे. प्रत्येक आवाजापुढे तो कधी येतो ते लिहिलंत: सकाळी, गियर टाकताना, चढावर, साडेतीन हजारांना. त्या मेकॅनिककडे तुम्ही वाळपईहून चालवत गेलात, म्हणजे इंजिन तापलेलं होतं. गाडी जागेवर उभी, अंगावर ओझं नाही. सकाळचा आवाज आणि चढावरचा आवाज त्या दोन मिनिटांत त्याला ऐकू येणं शक्यच नव्हतं. तुमच्याकडे त्याच्यापेक्षा जास्त माहिती आहे, हे आधी लक्षात घ्या.

हे मी पोटतिडकीने लिहितोय त्याला कारण आहे. १९९० च्या दशकात मी मडगावहून एक जुनी ३५० सीसीची गाडी घेतली. पुढच्या बाजूने किणकिण यायची. एका गॅरेजवाल्याने ‘बोअर-पिस्टन गेलं’ म्हटलं, मी घाबरलो आणि हो म्हणालो. तीन आठवड्यांनी गाडी परत आली, खिसा रिकामा झाला आणि पहिल्याच दिवशी तीच किणकिण. सायलेन्सरच्या क्लॅम्पची पट्टी तडकली होती. पट्टी नवी बसवली, आवाज थांबला. पण उघडलेलं इंजिन पूर्वीसारखं कधीच बसलं नाही. सांध्यांतून ऑइल पाझरत राहिलं, एका बोल्टचे ॲल्युमिनियममधले आटे गेले होते ते वेगळंच. वर्षानुवर्षं एकमेकांशी घासून जुळलेले भाग एकदा वेगळे केले की पुन्हा तसेच जुळवायला फार चांगला हात लागतो. गरज नसताना तो धोका का पत्करायचा?

आता तुमच्या इंजिनाविषयी थोडं. ४११ सीसी, एकच सिलिंडर, हवेवर आणि ऑइलवर थंड होणारं. पिस्टनचा व्यास ७८ मिलिमीटर आणि तो वरखाली ८६ मिलिमीटर धावतो. बाबांच्या शंभर सीसीच्या गाड्यांत पिस्टन साधारण ५० मिलिमीटरचा आणि त्याची धावही जवळपास तेवढीच. बत्तीस वर्षं ज्यांनी ते शिवणयंत्रासारखं चालणारं छोटं इंजिन ऐकलं, त्यांना हा दणकट ठोका आजारी वाटणं स्वाभाविक आहे. सहकाऱ्याच्या ४५० शी तुलनाही सोडून द्या. २०२३ च्या शेवटी आलेल्या त्या गाडीच्या सिलिंडरभोवती पाण्याचं आवरण आहे, आतला आवाज तिथेच बराच विरतो. तुमच्या गाडीला उघडी पाती आहेत, ती आवाज बाहेर फेकतात. दोन्ही इंजिनं निरोगी असली तरी तुमचंच जास्त बोलणार.

सकाळच्या ‘खर्र’पासून सुरू करू. रात्रभरात वरचं ऑइल खाली उतरतं. सुरू झाल्यावर ते पुन्हा वर पोहोचेपर्यंत सेकंद-दोन सेकंद टायमिंग चेन (इंजिनातली व्हॉल्व्ह चालवणारी साखळी) वाजू शकते. तेवढंच असेल तर चालवत राहा. पण नीट लक्ष द्या: आवाज इंजिनाने पेट घेतल्यानंतर येतो की सेल्फचं बटण दाबलेलं असतानाच? बटण दाबलेलं असताना खर्र किंवा खडाक होत असेल तर संशय बॅटरीवर घ्या. बॅटरी अशक्त झाली की इंजिन पूर्ण फिरत नाही, उलटा झटका बसतो आणि सेल्फला इंजिनाशी जोडणाऱ्या एकतर्फी क्लचवर तो आदळतो. रात्रभर उभ्या गाडीवर मल्टीमीटर लावून पाहा. चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे ती अर्धी रिकामी आहे. अशा बॅटरीवर रोज सेल्फ मारत राहिलात तर तो क्लच खरंच जाईल, आणि मग इंजिनाची बाजू उघडावी लागेल. हे आधी तपासा.

टिकटिकीवर जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त माणसं इथेच फसतात.

तुमच्या इंजिनात दोन व्हॉल्व्ह आहेत: एक मिश्रण आत घेणारा, एक धूर बाहेर सोडणारा. सायलेन्सरच्या एका ठोक्याला प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडतो आणि एकदा बंद होतो. म्हणून टॅपेटची (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाची) टिकटिक सायलेन्सरच्या ठोक्याशी पाय मिळवून चालते. क्रँकशी (पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याशी) बांधलेला आवाज मात्र, म्हणजे पिस्टनच्या किंवा कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा, त्या ठोक्याच्या दुप्पट वेगाने येऊ शकतो. मागे उभं राहून बोटाने सायलेन्सरचा ताल धरा आणि टिकटिक त्याच तालात आहे का ते पाहा. असेल तर बिघाड, असलाच तर, वरच्या बाजूला आहे आणि बहुधा इंजिन न फोडता सुटणारा आहे.

त्याच तालात आणखी दोन आवाज येतात. एक इंजेक्टरचा. तो पेट्रोल फवारताना कुरकुरीत टिक करतो आणि ते त्याचं कामच आहे. दुसरा फसवा: सायलेन्सरचा पाइप सिलिंडरच्या हेडला, म्हणजे वरच्या झाकणाला, जिथे मिळतो तिथली गॅस्केट गेली की धूर फटीतून टिक टिक निसटतो आणि हुबेहूब टॅपेटसारखा वाजतो. थंड इंजिनावर, एक्सलेटर पिळल्यावर तो जोरात येतो. धातू तापून फुगला की फट भरते आणि तो कमी होतो. त्या सांध्याभोवती काजळीचा काळा डाग दिसतो का, टॉर्च लावून पाहा. गॅस्केट किरकोळ पैशांत मिळते.

हे दोन्ही नसेल तर टॅपेट तपासून घ्या. इंजिन पूर्ण थंड हवं, म्हणजे गाडी रात्रभर गॅरेजात ठेवावी लागेल. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणायचा, फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालायचा आणि कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या अंतरावर स्क्रू बांधायचा. तासाभराचं काम आहे. गाडी तापलेली असताना ‘आत्ता करून देतो’ म्हणणाऱ्याकडून करून घेऊ नका. आणि कृपा करून ‘टिकटिक पूर्ण बंद करा’ असं सांगू नका. मेकॅनिक गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी टॅपेट आवळतो, गाडी शांत होते, माणूस खूश होऊन घरी जातो. आवळलेला व्हॉल्व्ह मात्र आपल्या बैठकीवर पूर्ण टेकत नाही. धुराच्या बाजूचा व्हॉल्व्ह आपली उष्णता त्या बैठकीतूनच बाहेर टाकतो. टेकलाच नाही तर तो तापत राहतो आणि हळूहळू जळतो. तापलेली गाडी पुन्हा सुरू होताना कुरकुरते, आयडल (उभ्या गाडीचा मंद वेग) डळमळतं, पिकअप जातं, आणि तेव्हा हेड खरंच उतरवावं लागतं. थोडा सैल टॅपेट ओरडून सांगतो, घट्ट टॅपेट गप्प राहून व्हॉल्व्ह खातो. म्हणून हलकी, एकसारखी टिकटिक ऐकू आली तर मला बरं वाटतं.

पहिल्या गियरची ठॅक: क्लचच्या प्लेटा ऑइलात बुडालेल्या असतात, सकाळी त्या एकमेकींना चिकटतात. क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबा, मग गियर टाका. क्लचच्या लिव्हरला दोन-तीन मिलिमीटर ढील आहे ना तेवढं बघा. पुढे चला.

चोर्ल्याच्या चढावरचे खिळे मात्र मी सोडून देणार नाही. तुम्ही गियर बाबांच्या गाडीवर शिकलात. पायलटची सवय मला ठाऊक आहे: लवकर टॉप टाकायचा, इंजिन शांत ठेवायचं, पेट्रोल वाचवायचं. दिवसभराची कमाई त्यावर ठरायची, आणि म्हापसा–पणजी रस्त्यावर शंभर सीसीला ते जमतही होतं. तुमच्या इंजिनाचा खरा जोर, ३२ न्यूटन मीटर, ४००० ते ४५०० आरपीएमच्या दरम्यान मिळतो. केरी सोडून अंजुण्याच्या बाजूने घाट चढताना तुम्ही चौथ्या-पाचव्यात दोन हजारांवर गाडी रेटत असाल, तर सिलिंडरमधलं मिश्रण वेळेआधी आणि वेडंवाकडं पेटतं. तेच खिळे वाजतात. तो आवाज दुर्लक्ष करण्यासारखा नाही, पिस्टनवर हातोडा बसतो तो. पण इलाज तुमच्या डाव्या पायात आहे. तिसरा टाका, काटा साडेतीन-चार हजारांवर ठेवा. इंजिन जास्त फिरतंय म्हणजे त्याला त्रास होतोय असं नाही, उलट ते सुटतं. तिसऱ्यात चार हजारांवरही खिळे वाजले तर टाकीतलं पेट्रोल संपवून दुसऱ्या पंपावर भरा आणि पुन्हा चढून बघा. मग मात्र मला कळवा.

राहिली साडेतीन हजारांची झणझण. ठराविक आरपीएमला येते आणि पुढे-मागे गेलं की थांबते, तेव्हा बहुतेक वेळा इंजिनाबाहेरची एखादी सैल वस्तू त्या कंपनाला थरथरते. टूरिंगच्या गाडीला अशा वस्तू भरपूर: खालची इंजिन-प्लेट, टाकीशेजारच्या जाळ्या, मागचा कॅरियर, पुढची काच, नंबरप्लेट, आधीच्या मालकाने लावलेला गार्ड. गाडी मधल्या स्टँडवर घ्या, न्यूट्रलमध्ये साडेतीन हजारांवर धरा, आणि बाबांना एकेक वस्तू हाताने दाबायला सांगा. सायलेन्सर आणि चेनपासून हात दूर. जिथे हात ठेवल्यावर झणझण थांबेल तिथे रबरी वॉशर घालून बोल्ट आवळा.

बाबांना यात मुद्दाम ओढतोय. ते एवढंच बोलून आत गेले, ते तुम्ही मनाला लावून घेतलंत. मला वाटतं त्यांना काळजी वाटली आणि आपल्या ओळखीचं नसलेल्या इंजिनावर ठाम बोलणं त्यांना पटलं नाही. इतकी वर्षं प्रवासी मागे बसवून चालवणारा माणूस असा अंदाजाने बोलत नाही. त्यांच्या हातात लांब स्क्रूड्रायव्हर द्या. टोक इंजिनाला, मूठ कानामागच्या हाडाला. आधी हेडवर, मग सिलिंडरवर, मग खाली क्रँककेसवर. कुठे आवाज मोठा होतो ते त्यांना अर्ध्या तासात कळेल, मला नाही वाटत त्यांना शिकवावं लागेल. तुम्ही ऐकणार असाल तर केस आणि ओढणी बांधून घ्या.

शाळेतल्या मुलांकडून करून घेता तशी एक वहीही घाला. तारीख, इंजिन थंड की गरम, चालती की उभी, क्लच दाबल्यावर आवाज बदलतो का, गाडीच्या वेगाबरोबर वाढतो की इंजिनाच्या. उतारावर क्लच दाबून इंजिन आयडलला आणलं तरी आवाज वेगाप्रमाणेच चालू राहिला तर तो चेनचा, चाकाच्या बेअरिंगचा किंवा टायरचा, इंजिनाचा नव्हे. सत्तरी-डिचोलीच्या लाल धुळीत आणि पावसात चेन आठवडाभरात कोरडी पडते आणि घरघरते.

ऑइल आल्याबरोबर बदलायला हवं होतं, आता बदला. विकणारे कधी कधी आवाज दाबायला जाड ऑइल भरतात. १५डब्ल्यू-५० घाला, डब्यावर जासो एमए२ (मोटरसायकलच्या क्लचसाठीची खूण) छापलेलं, मोटारचं ऑइल नको, क्लच घसरेल. आणि काढलेलं ऑइल फेकू नका. स्वच्छ पांढऱ्या डब्यात ओता, उन्हात धरा, लोहचुंबक फिरवा. पिठासारखी बारीक चकाकी या वयात चालते. नखाने उचलता येतील असे कण किंवा पत्रे दिसले तर गाडी थांबवा. ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर लगेच घाबरू नका. गोव्याच्या दमट हवेत घर-शाळा एवढंच चालवलं की बाष्प तिथे साचतं. तासभर सलग चालवून आणा, जाईल. काचेतून दिसणारं सगळं ऑइलच दुधाळ असेल तर मात्र गंभीर.

गाडीच्या पूर्वायुष्याविषयी तुम्ही काही लिहिलं नाहीत. आपल्याकडे भाड्याच्या गाडीची नंबरप्लेट काळी, अक्षरं पिवळी असतात, आणि काही वर्षांनी अशा गाड्या खासगी नोंदणीत येतात. आरसीवरची नोंद आणि आरटीओतला इतिहास पाहून घ्या. भाड्याची निघाली तरी गाडी वाईट ठरत नाही. पण ती थंड असतानाच पिळली गेली असेल, किनाऱ्यावरच्या वाळूत गेली असेल असं धरून एअर फिल्टर, स्पोकची टोकं, पुढच्या शॉकअपच्या नळ्या आणि वायरींचे जोड यांवरचा गंज बघा. खारा वारा इंजिनाच्या आधी या गोष्टी खातो.

कोणत्या आवाजाला थांबायचं, ते स्पष्ट सांगतो. खालून येणारा जड, बोथट ठक-ठक, जो ओझ्याखाली वाढतो आणि इंजिन तापल्यावर जास्त होतो. टायमिंग चेनची खरखर जी गरम इंजिनावरही जात नाही आणि एक्सलेटर सोडल्यावर वाढते. किंवा काल नव्हता आणि आज अचानक आला असा कुठलाही मोठा आवाज, सोबत ऑइलची पातळी उतरलेली. यांपैकी काही दिसलं तर चालवत गॅरेजला नेऊ नका, टेम्पोत घाला. तेव्हा कुणी इंजिन उघडू म्हणालं तर मीही हो म्हणेन. तुमच्या पत्रात यातलं एकही नाही.

तुम्ही फसलात असं मला वाटत नाही. जवळपास दोनशे किलोची, उंच, मोठ्या पुढच्या चाकाची गाडी स्कूटरनंतर हातात आली की पहिला महिना असाच जातो. प्रत्येक ठोका आपल्या पाठीच्या कण्यातून जातो असं वाटतं. महिन्याभराने तुम्हाला त्यातला बराचसा ऐकूही येणार नाही, म्हणून वही आत्ताच भरा.

चतुर्थी झाली, कार्तिकीला अजून वेळ आहे. आधी बॅटरी आणि ऑइल, मग सायलेन्सरचा सांधा, मग थंड इंजिनावर टॅपेट. मागे माणूस बसणार आहे, म्हणून मधल्या स्टँडवर पुढचं चाक उचलून हँडल डावी-उजवीकडे हळू फिरवा. मध्यावर खाच लागल्यासारखं वाटलं किंवा ब्रेक दाबताना टक झालं तर कोनसेट (हँडलचं बेअरिंग) बदला, त्यात काटकसर नको. टायर ट्यूबचे आहेत, तेव्हा दोन्ही चाकांच्या जादा ट्यूबा सोबत ठेवा.

मग पाऊस ओसरल्यावर एका रविवारी सकाळी बाबांना मागे बसवा आणि केरीहून चोर्ल्यापर्यंत तिसऱ्या गियरमध्ये जाऊन या. वर पोहोचल्यावर इंजिन बंद करून दोन मिनिटं शेजारी उभ्या राहा. तापलेला धातू आकसताना टिक टिक करेल, तेवढा आवाज वहीत लिहू नका. खाली आल्यावर बाबा काय म्हणाले ते मला लिहा.